सकाळी दर्या, दुपारी रान



आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या, मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका बचत गटाच्या बायका. आमच्यातल्या काही जणी मासे विकतात, काही काजूच्या कारखान्यात जातात, दोघी-तिघींची थोडी भातशेती आहे. गेली काही वर्षं आम्ही आणखी एक काम करतो. पाहुण्यांना एक पूर्ण दिवस दर्या आणि रान दाखवतो. सकाळी समुद्रात स्नॉर्केलिंग, दुपारी आमच्या हातचं जेवण, मग धामापूरच्या तळ्याकाठचं रान.

घाटावरून महिला गटांच्या सहली आमच्याकडे येतात. साताऱ्याच्या येतात, सोलापूरच्या येतात. त्या आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न, आम्हाला पोहता येत नाही, मग पाण्यात उतरायचं कसं? दुसरा प्रश्न जाताना, गाडीत बसता बसता हळूच विचारतात. ताई, यात सुटतं किती? आज दोन्ही प्रश्नांची उत्तरं सांगतो.

आधी दिवस कसा निवडायचा ते ऐका. पावसाळ्यात हा दर्या कुणाचा नसतो. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत आमच्याकडे पाण्यातले खेळ आणि पर्यटकांच्या होड्या बंद असतात. ऑक्टोबरपासून पाणी हळूहळू निवळतं. पण हंगामातला प्रत्येक दिवस सारखा नसतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस असतात. तेव्हा पाणी जास्त चढत नाही, जास्त उतरत नाही, आणि खालचं स्वच्छ दिसतं. भरतीची वेळ काढायला आमच्याकडची जुनी रीत आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला. हा ढोबळ हिशेब झाला. आता मोबाईलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, तेही आम्ही बघतो. पण उपासतापासामुळे तिथी आपल्या तोंडपाठ असतात ना, त्याचा असा उपयोग होतो.

समुद्र सकाळीच करायचा. दुपारनंतर वारा धरतो, लाटा उठतात, होडी हलते आणि पाहुण्यांच्या पोटात ढवळतं. म्हणून साडेसात-आठला आम्ही किनाऱ्यावर असतो. न्याहारी हलकी. एखादं घावन आणि चहा, बस. पोटभर खाऊन पाण्यात उतरायचं नाही आणि अगदी उपाशीही नाही.

आता पहिला प्रश्न. स्नॉर्केलिंग म्हणजे बुडी मारणं नाही. बुडी मारून, पाठीवर हवेची टाकी लावून खाली जातात ते स्कूबा. स्नॉर्केलिंगमध्ये आपण पाण्यावर पालथं तरंगायचं. डोळ्यांवर आणि नाकावर एक मोठा चष्मा, तोंडात एक नळी. नळीचं वरचं टोक पाण्याच्या बाहेर. नाक चष्म्यात बंद असतं, त्यामुळे श्वास तोंडाने घ्यायचा आणि तोंडानेच सोडायचा. एवढंच शिकायचं असतं. अंगात जाकीट असतं, ते आपल्याला बुडू देत नाही. बाजूला एक कडं असतं, त्याला दोर असतो, आणि दोर मार्गदर्शकाच्या हातात असतो.

अवघड काय असतं? पहिली दोन मिनिटं. नाकाने श्वास घ्यायची आपल्या जिवाला सवय. तोंड पाण्यात घातलं की छाती धडधडते. म्हणून आम्ही पाहुणीला आधी किनाऱ्यावर, कोरड्या वाळूवर बसवून चष्मा-नळी लावायला देतो. पाच मिनिटं तशीच बसून श्वास घे म्हणतो. मग गुडघाभर पाण्यात. मग खोल. जिला नको वाटेल तिने होडीतच बसावं, तिला कुणी हसत नाही. नळीत पाणी गेलं तर घाबरायचं नाही, मान वर करायची, नळी काढायची, कडं धरायचं.

कपड्यांचं विचारता ना? साडी, ओढणी, सैल पंजाबी पाण्यात घालायचा नाही. ओलं कापड पायात अडकतं आणि जड होतं. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चालतो. अंग झाकलेलं राहतं आणि ऊनही लागत नाही. गळ्यातलं, कानातलं घरी ठेवून या. किनाऱ्यावर कपडे बदलायला चार बाजूंनी बंद जागा हवी, हे आम्ही पहिल्या दिवसापासून धरून बसलो. पुरुष म्हणाले, त्यात काय एवढं, चादर धरा. आम्ही म्हटलं, चादर नाही, खोली पाहिजे. झावळांची का असेना, खोली झाली. तेव्हापासून बायका निर्धास्त येतात.

आणि ज्यांना दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांचं नाक सर्दीने चोंदलंय, त्यांनी पाण्यात उतरू नये. हे आम्ही पैसे घेण्याआधी विचारतो. पैसे दिल्यावर माणूस खरं सांगत नाही. दारू पिऊन आलेल्याला होडीत घेत नाही. मग तो कुणाचा कोण असेना.

हे आम्ही एवढं का ताणतो? मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी एक बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. फिरायला आलेली माणसं होती ती. त्यामुळे तुम्ही कुठेही गेलात, आमच्याकडे या किंवा दुसऱ्या कुणाकडे जा, होडीत पाय ठेवण्याआधी तांडेलला चार गोष्टी विचारा. होडीला किती माणसांची परवानगी आहे? आत किती बसलीत? प्रत्येकाला जाकीट आहे का, त्याचे पट्टे धड आहेत का? एका मार्गदर्शकाकडे किती माणसं? एकाकडे चारांपेक्षा जास्त असतील तर उतरू नका. आणि जाकीट मांडीवर घेऊन बसू नका, अंगात घाला. विचारायला लाजायचं नाही. आपण भाजी घेताना भेंडी मोडून बघतो, मग जिवाच्या वेळी का गप्प बसायचं?

आता पाण्यात काय दिसतं ते. मालवणच्या समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं. त्या खडकांच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत. हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली ते जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. आमच्या मच्छीमारांनी त्याला विरोधही केला, कारण पोट त्याच पाण्यावर. तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. पण एक गोष्ट मच्छीमारालाही ठाऊक आहे. जिथे प्रवाळ, तिथे माशांची पोरं वाढतात.

वरून बघितलं तर प्रवाळ दगडासारखा दिसतो. कुठे गोल धोंडा, कुठे पंख्यासारखा थर, कुठे मधाच्या पोळ्यासारखी जाळी. पण तो दगड नाही. अगदी बारीक प्राणी असतात ते, हजारोंनी एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. गोल धोंड्यासारखा जो प्रवाळ असतो तो वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे घागरीएवढा गोळा व्हायला वीसेक वर्षं लागतात. आपली लेक जन्मते आणि लग्नाची होते, तेवढ्या काळात तो घागरीएवढा होतो. आणि एक पाय पडला की मोडतो.

म्हणून आमचे नियम ऐका. प्रवाळावर उभं राहायचं नाही. हात लावायचा नाही, तुटलेला तुकडाही घरी न्यायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दगडी प्रवाळांना संरक्षण आहे, तो गुन्हा ठरतो. तांडेलने नांगर वाळूवरच टाकायचा किंवा बांधलेल्या बोयाला होडी अडकवायची. माशांना पाव-बिस्किटं टाकायची नाहीत. पाव टाकला की मासे झुंडीने येतात, फोटो छान निघतो, पाहुणे खूश होतात. पण मासे आपलं रोजचं खाणं सोडून होडीमागे लागतात. ज्यांनी प्रवाळावरचं शेवाळ खाऊन तो साफ ठेवायचा, तेच पावाच्या नादी लागले तर शेवाळ कोण खाणार?

उन्हासाठी चेहऱ्याला लावायचं मलम असतं ना, त्याचंही आहे. त्यातली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर अशा दोन रसायनांच्या मलमांची विक्री २०२१ पासून बंद केली आहे. आमच्याकडे आम्ही एवढंच म्हणतो की पूर्ण बाह्या घाला, मलम लागणारच नाही.

एक वाजेपर्यंत सगळे घरी. अंगावर गोडं पाणी घेतात आणि भुकेले होतात, समुद्रातली भूक वेगळीच. तांदळाची भाकरी, माशाची आमटी, ज्यांना चालत नाही त्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात आणि सोलकढी. मासा त्या दिवशी जो येईल तो. पाहुण्याला पापलेटच हवं असेल तर आम्ही सांगतो, आज दर्याने बांगडा दिला आहे, तोच मिळेल.

तीन वाजता रानाकडे निघायचं. धामापूर आमच्याच तालुक्यात. दाट झाडीत लपलेलं तळं, काठावर भगवती देवीचं देऊळ. हे तळं १५३० साली बांधल्याचं सांगतात, आणि आजही त्याचं पाणी शेतीला आणि पिण्याला जातं. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. मोठी यंत्रं नव्हती तेव्हा गावकऱ्यांच्या हातांनी बांधलेलं पाणी जगाने मान्य केलं, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो.

रानातली वाट आम्ही बायकाच दाखवतो. त्यासाठी वेगळं शिकायला लागलं नाही. लाकूडफाट्याला, रातांब्यांना, पावसात अळंब्यांना याच वाटांनी आम्ही लहानपणापासून हिंडलो. हा ऐन, हा किंजळ, हा भेरला माड. या रातांब्याच्या सालीचं आगळ तुम्ही दुपारी सोलकढीत प्यायलात. हे मुंग्यांनी पानं शिवून केलेलं घरटं, याला हात लावू नका, डसतात. डोक्यावरून धनेश गेला तर त्याच्या पंखांचा आवाज आधी ऐकू येतो, पक्षी नंतर दिसतो. पाहुण्यांना आम्ही दहा मिनिटं गप्प बसवतो. मोबाईल बंद. शहरातल्या माणसाला ते स्नॉर्केलिंगपेक्षाही अवघड जातं.

त्या तळ्याची एक गोष्ट जुनी माणसं सांगतात. गावात कुणाच्या लग्नाला दागिने नसले तर परडीत फुलं ठेवून ती तळ्यात सोडायची. देवी परडीतून सोन्याचे दागिने द्यायची. लग्न झालं की दागिने परत करायचे, एवढीच अट. कुणीतरी ते परत केले नाहीत, आणि तेव्हापासून तळ्याने देणं बंद केलं.

गोष्ट खरी की खोटी, आम्ही त्यात जात नाही. पण आमच्या धंद्याचा नियम आम्ही याच गोष्टीतून सांगतो. दर्या आणि रान आपल्याला उसनं मिळतं.

आता दुसरा प्रश्न, सुटतं किती? एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. समजा दहा पाहुणे आले, माणशी २,००० रुपये, झाले २०,०००. होडी, दोन मार्गदर्शक आणि पाण्यातलं साहित्य यांचे ८,०००. गाडीचे ३,५००. जेवणाच्या मालाचे २,०००. विमा, औषधपेटी, जाकिटांची दुरुस्ती, तिकिटं याचे १,५००. खर्च झाला १५,०००. उरले ५,०००. त्या दिवशी आम्ही पाच जणी राबलो. सातशेप्रमाणे आमची मजुरी ३,५००. आणि गटाच्या खात्यात १,५००.

इथे दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, आपली मजुरी खर्चात धरायची. पहाटे चारला उठून वाटलेला मसाला, चुलीपुढचे तीन तास, भांडी घासणं, हे सगळं काम आहे. ते धरलं नाही तर वहीत नफा दिसतो आणि अंगाला नुसता थकवा राहतो. दुसरी गोष्ट दलालाची. एक शहरातला माणूस आमच्याकडे आला होता. म्हणाला, पाहुणे मी आणतो, बुकिंग माझ्याकडे, तुम्ही फक्त जेवण द्या, ताटामागे पैसे देतो. आणि दहाचे पंचवीस पाहुणे करा, दिवसातून दोन फेऱ्या करा. आम्ही दुसरा मार्ग विचारला. बुकिंग त्याचं, दिवस आमचा, तर किती घेशील? म्हणाला पंचवीस टक्के. वीस हजाराचे पंचवीस टक्के म्हणजे ५,०००. आमच्या पाच जणींची मजुरी आणि गटाची शिल्लक, दोन्ही मिळून तेवढेच होतात. वही समोर ठेवून आम्ही नाही म्हटलं.

घरी त्यावरून बोलणी झाली. हातातलं काम घालवलंत, असं ऐकून घ्यावं लागलं. पाहुणे कमी येतात हे खरंच आहे. पण वाट दाखवणं, हिशेब ठेवणं, नको त्या पाहुण्याला नको म्हणणं हे आमच्या हातात राहिलं. ताटामागे पैसे घेतले असते तर आम्ही आमच्याच गावात स्वयंपाकीण होऊन राहिलो असतो. आणि पंचवीस-पंचवीस माणसं दिवसातून दोनदा त्या प्रवाळावर उतरली असती.

आपण बायका होडी चालवू शकत नाही, असं कुणी म्हणालं तर वेंगुर्ल्याकडे बोट दाखवा. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवतात. स्वतः वल्हवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात उभं असलेलं रान. चिखलात हवा नसते म्हणून त्यातल्या काही झाडांची मुळं जमिनीतून वर डोकं काढून श्वास घेतात. काहींचं बी तर झाडावरच रुजतं आणि मग खाली पडतं. लेकराला उभं राहायला शिकवून मगच आई हात सोडते, तसंच. पूर्वी आम्हाला ते नुसतं सरपण वाटायचं. आता त्याच्या मुळांत कुर्ल्या आणि कोळंबी वाढते, वादळात ते किनारा धरून ठेवतं, हे आम्ही पाहुण्यांना सांगतो.

भीती नाही असं नाही. आम्ही नियम पाळले तरी पाणी तापायचं थांबत नाही. समुद्र जास्त तापला की प्रवाळाच्या अंगातलं बारीक शेवाळ निघून जातं. तेच शेवाळ त्याला रंग आणि अन्न देतं. मग प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो, नाहीतर मरतो. मालवणच्या पाण्यातही असे पांढरे पडलेले प्रवाळ दिसले आहेत. ते आमच्या एका गटाच्या हातातलं नाही. पण आधीच उन्हाने आजारी पडलेल्यावर पाय देऊ नये, हे तरी आपल्या हातात आहे. आणि दर्याचे आठ महिने संपले की चार महिने घर कशावर चालणार, याचा विचार आत्ताच करावा लागतो. म्हणून आम्ही मे महिन्यात फणसाचे पापड घालतो, आगळ काढतो, मसाला कुटतो. एकाच कामावर सगळा भार टाकत नाही.

आमच्यातल्या एकीची लेक आता मार्गदर्शक म्हणून पाण्यात उतरते. तिची आजी आयुष्यभर मासे विकत आली, पण होडीत कधी बसली नाही. बाईने होडीत जायचं नाही, अशी त्या घरात पद्धत होती. आता पाहुण्या बायका नातीचा हात धरून पाण्यात जातात, पुरुष मार्गदर्शकापेक्षा तिच्यासोबत त्यांना मोकळं वाटतं. आजी किनाऱ्यावर बसून ओरडते, गो, लांब जाव नको!

मैत्रिणींनो, तुमच्या गावाला समुद्र नसेल. पण डोंगर असेल, तळं असेल, देवराई असेल, माळावरचे पक्षी असतील. पाहुण्यांना दाखवण्याआधी गटात बसून तीन गोष्टी ठरवा. किती माणसांच्या वर घ्यायची नाहीत, तुमची मजुरी किती धरायची, आणि कुठे पाय ठेवू द्यायचा नाही. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बाकी पाहुणचार तर आपल्याला येतोच.

आणि सहल काढायची झाली तर अष्टमीच्या आसपासचा दिवस बघून या.